रोमान्स हस्तलिखित तपासून देणारी सर्व्हिस: छोट्या प्रकाशकाकडे पाठवायच्या आधी घ्यावी का? (रिव्ह्यू जरा लांबलाय)

आधीच सांगून ठेवते, सर्व्हिसचं नाव इथे टाकणार नाहीये. अर्धं कौतुक आणि अर्धी तक्रार असं दोन्ही लिहायचंय आणि नंतर कोणाशी वाद घालत बसायची माझी तयारी नाही. तसंही अशा सर्व्हिसेस आता ढिगाने झाल्यात, नावं वेगळी आणि पॅकेजेस उन्नीस-बीस, त्यामुळे तुम्ही कुठलीही घेतलीत तरी यातलं बरंचसं लागू पडेल. माझ्या पॅकेजमध्ये पहिली तीन प्रकरणं ओळीओळीने तपासून मिळणार होती, अख्ख्या कादंबरीवर एक रिपोर्ट, सिनॉप्सिस (गोष्टीचा सारांश) आणि क्वेरी लेटर (प्रकाशकाला पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र) दुरुस्त करून, आणि शेवटी कुठल्या छोट्या प्रकाशकांकडे पाठवता येईल याची यादी. तपासणाऱ्या बाई आधी एका छोट्या डिजिटल प्रकाशनात रोमान्सची सबमिशन्स, म्हणजे छापण्यासाठी आलेली हस्तलिखितं, वाचायच्या, म्हणजे ज्या खुर्चीतून नकार जातात त्याच खुर्चीत बसलेल्या. मी पैसे भरले ते खरं तर एवढ्याच कारणासाठी.

कादंबरी इंग्रजीत आहे, कंटेम्पररी रोमान्स म्हणजे आजच्या काळातली प्रेमकथा, साधारण ७२,००० शब्द. छोट्या प्रकाशकांकडेच का, तर मोठ्या प्रकाशनगृहांमध्ये बहुतेक ठिकाणी लेखकाच्या वतीने बोलणी करणाऱ्या एजंटशिवाय दार उघडत नाही (हार्लेक्विनसारखे काही अपवाद आहेत, त्यांच्या कॅटेगरी लाइन्सना, म्हणजे ठरावीक साच्याच्या पुस्तकमालिकांना, एजंट लागत नाही, पण तिथे प्रत्येक लाइनचा साचा ठरलेला असतो आणि माझं पुस्तक त्यात बसत नाही), आणि छोटे प्रकाशक लेखकाकडून थेट हस्तलिखित घेतात. फक्त थेट घेतात म्हणजे सहज घेतात असं नाही, हे रिपोर्ट वाचताना नीटच कळतं.

आता रिपोर्ट. यातला सगळ्यात भारी भाग पहिल्याच पानावर आहे. बाईंनी कौतुक-बिवतुक काही न करता थेट प्रश्न टाकलाय, की या पुस्तकातून प्रेमकथा काढून टाकली तर मागे काय उरतं? मागे एक धडधाकट कादंबरी उरत असेल तर ते रोमान्स म्हणून पाठवू नका. सबमिशन वाचणारा माणूस पहिली चाळणी हीच लावतो म्हणे. अमेरिकेतल्या रोमान्स रायटर्सच्या संघटनेने, म्हणजे १९८० साली सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या आरडब्ल्यूएने, या प्रकाराला दोनच अटी घातल्या होत्या, प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशावादी हवा. संघटनेचं जे व्हायचं ते झालं पण त्या दोन अटी अजून सगळे प्रकाशक धरून बसलेत. शेवटी दोघं कायमचे एकत्र, नाहीतर निदान 'सध्यातरी सुखात', याच्या पलीकडे सूट नाही. शेवटच्या प्रकरणात नायक मारून टाकलात तर पुस्तक ग्रेट असेलही, पण या रांगेत त्याला जागा नाही. बाईंनी लिहिलंय की रोमान्स म्हणून येणाऱ्या हस्तलिखितांमध्ये अशी पुस्तकं सतत येतात आणि त्यांना नकार देताना भाषेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण प्रश्न भाषेचा नसतोच. वाचक ज्या भरवशावर पुस्तक उचलतो तो भरवसा मोडला की छोट्या प्रकाशकाचा वाचक परत येत नाही, आणि त्याच्याकडे वाया घालवायला फार वाचक नसतात.

पण पैसे वसूल झाले ते संघर्षाच्या भागात, त्याबद्दल सविस्तरच लिहिते.

माझी नायिका जुनी घड्याळं दुरुस्त करते. तिची धंद्यातली पार्टनर वारलीय आणि पार्टनरचा भाऊ आपला अर्धा वाटा विकायला येतो, तो नायक. म्हणजे बाहेरचं भांडण रेडीमेड, दुकान विकायचं की ठेवायचं. रिपोर्टमध्ये यावर एक कसोटी दिलीय: उद्या सकाळी कोणी तिसऱ्याने पैसे देऊन तो अर्धा वाटा घेतला आणि दुकान वाचलं, तर हे दोघं दुपारपर्यंत एकत्र येतील का? येत असतील तर तुमचा प्रॉब्लेम प्रेमाचा नाही, प्रॉपर्टीचा आहे. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसतीच बसले. प्रकाशकाला दोन थर हवे असतात, बाहेरची अडचण दोघांना एका खोलीत आणून सोडते, आणि आतली अडचण, म्हणजे ज्याची त्याची भीती किंवा जुनी जखम किंवा काहीतरी घट्ट धरून ठेवलेला समज, त्यांना त्या खोलीत एकमेकांच्या जवळ जाऊ देत नाही. आणि दोघांच्या आतल्या अडचणी एकमेकांना घासणाऱ्या हव्यात. माझ्याकडे तिला कोणाची मदत घेणं जमत नाही आणि त्याला कुठेच टिकून राहणं जमत नाही, हे दोन्ही होतं, पण सुटं सुटं होतं. बाईंनी चार ठिकाणची पानं दाखवून दिली जिथे ती मदत नाकारते आणि त्यामुळेच त्याला निघून जायला आयतं कारण मिळतं. ते मीच लिहिलेलं, पण असं एका रेषेत ठेवलेलं नव्हतं.

मग प्रकरण १९. तिथे नायिकेला दलालाचा एक ईमेल सापडतो, नायक अजून गुपचूप वाटा विकतोय असं तिला वाटतं आणि ती काही न बोलता निघून जाते. यावरची कमेंट जशी आहे तशी आठवते: जी बाई एका अडकलेल्या चाकासाठी अख्खं घड्याळ उघडून बसते ती एकही प्रश्न न विचारता दार ओढून जाईल? रोमान्सची सबमिशन्स वाचणाऱ्यांना ही 'एका फोनमध्ये मिटली असती' अशी भांडणं रोज दिसतात आणि तिथेच बरीच हस्तलिखितं बाजूला पडतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुचवलेला उपाय मला अजूनही आवडतो. तिला विचारू द्या. त्याला खरं उत्तर देऊ द्या, की हो, दलालाला मीच ताटकळत ठेवलंय, कारण मी आजवर कुठे राहिलोच नाही आणि इथेही राहीन की नाही मला खात्री नाही. आणि त्या खऱ्या उत्तराने तुटू द्या. गैरसमजाने तुटलेलं खुलाशाने जुळतं, आणि मग शेवटची पन्नास पानं नुसता खुलासा होऊन बसतात. खऱ्या उत्तराने तुटलं की कोणाला तरी बदलावंच लागतं. शेवटी नुसतं 'माझं प्रेम आहे' चालत नाही, बदललेला माणूस काहीतरी करताना दिसला पाहिजे, आणि आधी जे त्याने केलंच नसतं नेमकं तेच.

एवढं एक प्रकरण सुटं मिळालं असतं तरी मी पैसे दिले असते.

पहिल्या तीन प्रकरणांच्या ओळीओळीच्या तपासणीत बरंचसं अपेक्षित होतं. नायक-नायिका लवकर भेटायला हवेत, शक्यतो पहिल्या प्रकरणात, उशीर झाला तर दुसऱ्यात, कारण नमुना म्हणून बहुतेक ठिकाणी पहिली तीन प्रकरणंच मागतात आणि तीन प्रकरणांत दोघं समोरासमोर आलेच नाहीत तर वाचणाऱ्याने नक्की कशाचा नमुना बघायचा? माझे पान ८ वर भेटतात, ते पास झालं. पण भेटल्यावर तो काउंटरपाशी उभा आहे आणि मी दीड पान पार्टनरच्या आजारपणाची कहाणी सांगत बसलेय, तिथे समासात एवढंच लिहिलेलं: 'तो अजून उभाच आहे.' मला खूप हसू आलं. ते दीड पान कापून त्यातलं एक वाक्य प्रकरण ४ मध्ये गेलं, बाकीचं गेलं ते गेलंच, कोणाला उणीव जाणवणार नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझं आणि बाईंचं अजिबात जमलं नाही. माझी कादंबरी फक्त नायिकेच्या नजरेतून आहे. त्यांचं म्हणणं असं की रोमान्सच्या वाचकाला दोघांच्या डोक्यात शिरायचं असतं तेव्हा एक आड एक प्रकरण त्याच्या नजरेतून करा. आता दोघांच्या नजरेतून लिहिणं फार चालतं हे खरंच, पण एका नजरेतून लिहिलेला रोमान्सही निघतो आणि विकला जातो. 'जास्त चालतं' आणि 'लागतंच' यातला फरक रिपोर्टने स्पष्ट करायला हवा होता, नाहीतर नवीन लेखक बिचारा घाबरून अर्धं पुस्तक परत लिहायला बसेल. मी ते बदललं नाही.

रिपोर्टमध्ये मधेच एक 'बलस्थानं' नावाचं पान आहे. त्यात सुंदर वातावरणनिर्मिती, जिवंत पात्रं, ओघवती शैली, असलं कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येईल असं सगळं. बाकीच्या पानांवर पान नंबर, प्रकरण नंबर, नेमकी वाक्यं, आणि या पानावर एकही उदाहरण नाही. मशीनकडून लिहून घेतलं की काय अशी शंका आली, विचारलं तर 'आमचा फॉरमॅट आहे' असं उत्तर आलं. गंमत म्हणजे त्याच रिपोर्टच्या शेवटी सूचना आहे की आता बरेच प्रकाशक मजकूर एआयने लिहिलेला नाही असं लेखकाकडून लिहून मागतात, तेव्हा गाइडलाइन्समध्ये ते बघा. बरं.

छोटे प्रकाशक असे का वागतात ते त्यांनी थोडक्यात पण चांगलं समजावलंय. अशा ठिकाणी पगारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, संपादक आणि कव्हर डिझायनर बऱ्याचदा फ्रीलान्स, पुस्तक मुख्यतः ई-बुक आणि मागणीनुसार छपाई अशा स्वरूपात निघतं. आगाऊ रक्कम नसते किंवा नावापुरती असते, त्याबदल्यात रॉयल्टीचा टक्का जास्त. मोठ्या प्रकाशकांकडे ई-बुकला निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के हा रूढ आकडा आहे, छोट्यांकडे ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास बोलणं होतं. अशा माणसाला दोन वेळा नव्याने लिहून घ्यावं लागेल असं पुस्तक परवडत नाही. तेव्हा कल्पना जगावेगळी असण्यापेक्षा हस्तलिखित जवळपास तयार असणं त्याला जास्त हवं असतं. आणि लेखक पुढचं पुस्तक देणार का तेही. रोमान्समध्ये सिरीज चालतात, एकाच जागेतली किंवा एकाच कुटुंबातली वेगवेगळी जोडपी, प्रत्येक पुस्तक स्वतंत्र वाचता येईल असं, त्यामुळे दुसऱ्या पुस्तकाची दोन ओळींची कल्पना पत्रात असेल तर फायदा होतो. माझ्या घड्याळवाल्या बाईच्या शेजारच्या दुकानात एक जोडी मी टाकूनच ठेवली होती, तिचा उल्लेख पत्रात करायचा हे मात्र डोक्यात नव्हतं.

सिनॉप्सिसचं काम फर्स्ट क्लास. शेवट लपवायचा नाही, संपूर्ण सांगायचा, आणि फक्त घटना न सांगता प्रत्येक वळणावर नात्यात काय हललं ते सांगायचं. माझा पाच पानी सिनॉप्सिस त्यांनी दोन पानांवर आणला आणि त्यात दलाल, दुकानाच्या जागेचा मालक, मावशी हे सगळे उडाले, राहिले ते दोघंच. वाचून माझी मलाच गोष्ट कळली.

क्वेरी लेटर मात्र साफ फसलं. त्यांनी दिलेलं पत्र इतकं साच्यातलं होतं की नावं बदलून कोणीही पाठवावं. 'दोन दुरावलेली मनं' काय, 'नियतीचा खेळ' काय, असलं सगळं इंग्रजीत. शेवटी मीच परत लिहिलं. पहिल्या ओळीत प्रकार, उपप्रकार, शब्दसंख्या आणि पुस्तक पूर्ण आहे हे, मग गोष्ट दोन परिच्छेदांत, मग ट्रोप, म्हणजे प्रेमकथेचा ओळखीचा साचा, कोणता ते सरळ शब्दांत. इथे काही लेखक नाक मुरडतात की ट्रोप काय सांगायचा, आम्ही काय साच्यात लिहितो का. अहो, छोट्या प्रकाशकाची विक्री बहुतेक ऑनलाइन, पुस्तक कुठल्या उपविभागात लावायचं आणि वर्णनात कुठले शब्द टाकायचे हे तो पत्र वाचतानाच ठरवत असतो. 'शत्रू ते प्रेमी', 'खोटं लग्न', 'जबरदस्तीने एका छताखाली', हे शब्द टाकून वाचक शोधतात आणि शोधून विकत घेतात. ट्रोप सांगा आणि तुमच्याकडे तो कुठे वेगळा वळतो तेही सांगा, एवढंच. तुलनेसाठी दोन पुस्तकं द्यायची ती गेल्या दोन-तीन वर्षांतली आणि त्याच उपप्रकारातली, सगळ्या जगाने वाचलेलं बेस्टसेलर नको. त्यातून तुम्ही या प्रकारातलं आत्ताचं वाचता का तेही त्यांना कळतं. जो रोमान्स वाचत नाही आणि 'सोपं असतं' म्हणून लिहितो तो तिसऱ्या पानावर ओळखू येतो, असं बाईंनी फोनवर सांगितलं, आणि ते सांगतानाचा त्यांचा वैताग अगदी खरा होता.

तांत्रिक बाबींची चेकलिस्ट दिलीय ती ठीक, त्यातलं निम्मं कुठेही फुकट मिळतं. वर्ड फाइल, साधा १२ पॉइंटचा फॉन्ट, दुप्पट अंतर, पान नंबर. शब्दसंख्या प्रकाशकाने दिलेल्या मर्यादेतच. शृंगार किती उघड आहे ते आधीच सांगायचं, कारण काही ठिकाणी दार बंद झालं की प्रकरण संपलं पाहिजे आणि काही ठिकाणी दार उघडंच हवं, चुकीच्या ठिकाणी गेलं की दोन्हीकडचा वेळ वाया. शृंगारात १८ वर्षांखालचं कोणी नको आणि बलात्कार हा उत्तेजना म्हणून नको, हे जवळपास सगळ्यांच्या 'पाठवू नका' यादीत असतंच. एकाच वेळी अनेकांकडे पाठवलेलं चालतं का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, ते वाचल्याशिवाय पाठवू नका.

आता खरी तक्रार, ती शेवटची यादी. प्रकाशकांची यादी म्हणून जे आलं ते बघून डोकंच फिरलं. त्यातले काही बंद पडलेले, काहींची सबमिशन्स बंद, आणि एक तर चक्क लेखकाकडूनच पैसे घेणारा, 'संपादन सहभाग' असं गोंडस नाव देऊन. जी सर्व्हिस स्वतःला छोट्या प्रकाशकांची जाणकार म्हणवते तिने यादी पाठवण्याआधी एकदा वेबसाइट उघडून बघू नये? या धंद्यात छोटी घरं बंद पडणं नवीन नाही. एलोराज केव्ह २००० साली सुरू झालं, ई-बुक रोमान्समध्ये त्यांचा दबदबा होता, २०१६ अखेर बंद. सॅमहेन २०१७ मध्ये बंद. दोन्ही काही गल्लीबोळातली नावं नव्हती. म्हणूनच करारात हक्क परत कधी मिळणार, विक्री किती खाली आली की मिळणार, कंपनी बुडाली तर काय होणार, पुढच्या पुस्तकावर त्यांचा पहिला हक्क किती काळ, ही कलमं आधी बघायची असतात, आणि एवढ्या मोठ्या पॅकेजमध्ये करारावर एक ओळ नाही. एक ओळ! रायटर बिवेअर नावाचा उपक्रम १९९८ पासून फुकटात हेच काम करतोय, फसव्या प्रकाशकांच्या आणि वाईट कलमांच्या सूचना देतो, त्याचं नाव तरी टाकायचं होतं. आणि जुना साधा नियम, पैसा लेखकाकडे येतो, लेखकाकडून जात नाही. यादीतल्या त्या एका नावाबद्दल मी कळवलं तर 'आम्ही फक्त पर्याय देतो, निवड तुमची' असं आलं. नाव अजून यादीत आहे की काढलं, माहीत नाही.

डिलिव्हरी सांगितलेल्या तारखेनंतर आली आणि आली ती पीडीएफमध्ये, म्हणजे प्रत्येक सूचना हाताने परत फाइलमध्ये टाकायची. ट्रॅक चेंजेसमध्ये, म्हणजे वर्डमध्येच बदल दिसतील आणि स्वीकारता येतील अशी, मागितली तर मिळाली, पण मागावी लागली. फॉलो-अप कॉल छान झाला, वेळ संपल्यावरही बाई बोलत होत्या, आणि माझ्या मते रिपोर्टपेक्षा कॉलमध्येच जास्त माल होता.

तर घ्यायची का? पूर्ण कादंबरी लिहून झाली असेल, एकदा स्वतः दुरुस्त केली असेल, रोमान्स वाचणाऱ्या दोघा-तिघांना दाखवली असेल, आणि नकार येतायत पण कारण कळत नाहीये अशा जागी अडकला असाल, तर रिपोर्ट आणि कॉल एवढंच घ्या. अर्धवट हस्तलिखितावर घेऊ नका, नवीन लेखकाचं अर्धं पुस्तक छोटे प्रकाशकही सहसा बघत नाहीत, मग त्यावर पैसे कशाला. मोठं पॅकेज तर मुळीच नको, क्वेरी लेटर स्वतः लिहा आणि यादी स्वतः करा. तुमच्या उपप्रकारातली आवडलेली पुस्तकं काढा, कोणी छापलीत बघा, त्यांच्या साइटवर जाऊन गाइडलाइन्स आणि शेवटचं पुस्तक कधी निघालं ते बघा, एका रविवारचं काम आहे. रिपोर्टला पाचपैकी साडेचार, यादीला शून्य, ते पण जास्त होतंय.

आणि हो, ऑर्डर फॉर्ममध्ये 'विशेष सूचना' असा एक रकाना असतो, बहुतेक जण रिकामा सोडतात. तिथे लिहा की 'बलस्थानं'चं पान नको, त्याऐवजी वाचताना नेमकं कुठल्या पानावर बाजूला ठेवावंसं वाटलं ते नंबरासकट सांगा. माझ्या ओळखीतल्या एकीने तसं लिहिलं होतं आणि तिला पान ४१ असं उत्तर मिळालं, खाली कारणासकट.